एकशे अकरा काजं

मास्तर आमच्या शिलाईखात्यातले मुख्य कारागीर. तिथं मी एकतीस वर्षं इस्त्री मारली. त्यांच्या काजावरून इस्त्री फिरवताना हात कधी अडखळला नाही. याहून जास्त स्तुती मला येत नाही.

सत्तरीत त्यांची नजर गेली. उजेड कळायचा, दोरा दिसायचा नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेली ताई आता स्वतःचं दुकान चालवते. तिनं कोटांची काजं त्यांच्याकडे धाडायला सुरुवात केली. दर ठरला काजाला वीस. लेक सकाळी सुयांत दोरे ओवून ठेवायची, मास्तर बोटांनी चाचपत काज करायचे. दर पाच तारखेला ताई त्यांच्या खात्यात पैसे भरायची.

लेकीनं फोनमध्ये घरखर्चाचं ॲप घेतलं होतं. पाचव्या महिन्यात मी भेटायला गेलो, तेव्हा ती फोन बघून हसली.

"बाबा, तुम्हाला पेन्शन लागली! हे म्हणतंय, दर महिन्याला पंधराशे येतात. पुढच्या महिन्याचेही खर्चाला धरलेत त्यानं."

मास्तरांची सुई थांबली. "सगळे महिने पंधराशेच?"

"पाचही."

त्यांनी डब्यातून पाच दोरे काढले. एका काजामागे एक गाठ, महिन्याला एक दोरा, असा त्यांचा हिशेब. बोटं फिरवत ते मोजू लागले. एकसष्ट. अठ्ठेचाळीस. सत्तर. तेहतीस. बावन्न.

"इस्त्रीवाल्या, नगावर काम करणाऱ्याला पाच महिने सारखेच पैसे मिळालेले पाहिलेस कधी?"

एकतीस वर्षांत पाहिले नव्हते.

"पोरी, ते पुस. न केलेल्या कामाचे पैसे आधीच धरून बसलंय ते."

"पुसून भागत नाही, बाबा. हे दरमहाचं नाही, असं त्याला सांगावं लागतं."

"मग सांग. आणि ताईला बोलाव."

लेकीनं एकत्र बांधलेल्या पाचही नोंदी सोडवल्या. प्रत्येकीपुढे काजांचा आकडा लिहिला. तोवर ताई धापा टाकत आली.

"मास्तर, तुम्ही मला उभं केलंत."

"म्हणून मला बसवतेस?"

"औषधांना तेवढे लागतात तुमच्या..."

"औषधाला लागले तर मागेन. तू मजुरी म्हणून दिलेस. माझ्या गाठी खोट्या पाडल्यास." ताई डोळे पुसू लागली. ते थांबले नाहीत. "दोन हजार दोनशे वीस जास्तीचे. म्हणजे एकशे अकरा काजं. कापड धाड. फिटेपर्यंत छदाम पाठवायचा नाही."

"आणि फिटल्यावर? सुई ठेवणार खाली?"

मास्तरांनी तिचा हात ओढून घेतला, बोटाचं सुईनं टोचलेलं टोक चाचपलं.

"अंगुस्तान अजून घालत नाहीस. किती वेळा सांगायचं?" हात न सोडता म्हणाले, "फिटल्यावर मोजून दे."

फिटायला नऊ आठवडे लागले. पुढच्या महिन्यात पंचेचाळीस काजं झाली, ताईनं नऊशे पाठवले. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा निरोप आला. म्हटलं, पुन्हा बिनसलं.

त्यांनी माझ्या हातात वीस ठेवले. "तिला दे. करडा कोट परत आण. खालचं काज वाकडं गेलंय, उसवायचंय."

मी दुकानात जाऊन कोट पाहिला. सुताभर वाकडं होतं. इस्त्रीखाली दाबून सरळ करता आलं असतं.

केलं नाही. कोट घडी घालून त्यांच्याकडे नेला.