लेकीच्या बैठकीत आईचं काय करायचं

माझ्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते आणि त्या दिवशी मला कुठं ठेवायचं, हा आमच्या घरातला सगळ्यात अवघड प्रश्न होता. पाहुण्यांना सोफ्यावर बसवायचं ठरलं होतं. फाटकी गादी माळ्यावर गेली होती. राहिले होते मी.

आदल्या वर्षी मला लकवा झाला होता. शाळेत जायला निघाले होते, साडीच्या निऱ्या घालता घालता उजव्या हातातून निऱ्या सुटल्या आणि परत धरताच येईनात. नवऱ्याला हाक मारायला गेले तर तोंडातून नुसता आवाजाचा लोळा बाहेर आला. आमच्या पालममध्ये माणूस आडवा झाला की अर्धी गल्ली डॉक्टर होते. एकानं नाकाशी कांदा धरला. एक बाई चप्पल हुंगवायला घेऊन आली, तिच्या मते मला फिट आली होती. तिसरीनं पित्तावर इलाज म्हणून लिंबूपाणी पाजलं, त्यातलं बरंचसं श्वासात जाऊन मी घुसमटले. चारठाण्याहून माझ्या मोठ्या नणंदेचा फोन आला, "वारं गेलंय अंगावरून, जडीबुटीवाल्याकडं न्या, परभणीला जाऊन पैसे घालवू नका." तो जडीबुटीवाला फक्त रविवारी औषध देतो आणि त्या दिवशी मंगळवार होता, एवढ्यावर मी वाचले.

परभणीला पोचेपर्यंत दुपार झाली. डॉक्टर नवऱ्यावर ओरडले, "तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, यातलं एक जरी दिसलं तरी तडक निघायचं. सुरुवातीच्या काही तासांतच इंजेक्शनचा उपयोग असतो. आणि गिळता येतंय का हे बघितल्याशिवाय पाण्याचा थेंब पाजायचा नाही." नवरा मान खाली घालून उभा राहिला. कांदा, चप्पल आणि लिंबूवाले आपापल्या घरी जेवत असतील तेव्हा.

पुढचं वर्ष मी बोलायला शिकण्यात घालवलं. शाळेतली बाई मी, आयुष्यभर पोरांना बाराखडी शिकवलेली, आता स्वतः 'क'पाशी अडकून बसलेली. गंमत अशी की पाणी मागता येईना, पण त्रिशरण-पंचशील सुरू केलं की अडखळत का होईना शेवटपर्यंत यायचं. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, पाठ असलेलं असं येतं, रोज म्हणत जा. घरच्यांनाही त्यांनी बजावलं की हिचे शब्द तुम्ही पुरे करू नका, हिला वेळ द्या. घरच्यांनी माना डोलावल्या आणि घरी आल्यावर जसेच्या तसे वागायला लागले. मी 'पा' म्हणायच्या आत नवरा पाणी, पावडर, पायमोजे सगळं सुचवून मोकळा. वाईट माणूस नाही तो. माझी वेणी घालायला शिकला, रोज हाताचा व्यायाम करून घेतो, त्यात स्वतःची कंबर धरून बसलाय. फक्त मला बोलू देत नाही.

भेटायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. बिस्किटाचा पुडा टेबलावर ठेवायचा आणि माझ्या कानाशी येऊन ओरडायचं, "ओळखलं का?" जीभ गेली म्हणजे कानही गेले आणि अक्कलही, असा सगळ्यांचा हिशेब. मग माझ्यासमोरच नवऱ्याला विचारायचं, "हिला समजतं का काही?" मला सगळं समजत होतं. कुणाच्या पुड्यातली बिस्किटं सादळलेली असतात, हेसुद्धा.

वर्षभरानं काठी घेऊन चालायला लागले. वाक्य तुटक यायचं, पण यायचं. तोंड मात्र एका बाजूला किंचित ओढलेलं राहिलं. आणि नेमकं त्याच वेळी जवळच्याच गावचं स्थळ चालून आलं. बैठकीच्या तयारीला नणंद आली.

"हिला दोन दिवस माझ्याकडं ठिवू," ती नवऱ्याला म्हणाली. मी समोरच बसले होते. "पोरीच्या आईचं असं हाय म्हणल्यावर लोक म्हणतेल रक्तात हाय. आजारी हाय म्हणून सांगू, मावशीकडं गेली म्हणून सांगू. लगीन ठरलं की मंग आणू."

चारठाणा म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथपर्यंत पाहुण्यांची नजर जाणार नाही, हे मात्र खरं.

नवरा माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला कुटं वाटतंय हिला धाडावं. पर पोरीचं बघायला पायजे ना."

मला रडू आलं नाही, राग आला. पोटात नऊ महिने मी सांभाळायचं, दहावीला पहाटे उठून मी अभ्यास घ्यायचा आणि बैठकीत मी नडते? मी म्हणाले, "मी... इथंच..." नवऱ्यानं तोंड उघडलं. मी काठी जमिनीवर आपटली. त्यानं तोंड मिटलं. "बसणार," मी म्हणाले. आतल्या खोलीतून लेक म्हणाली, "आई नसली तर मी बी बाहेर येत न्हाई." 

मग नणंदेनं तोडगा काढला. मला पाहुण्यांच्या आधीच खुर्चीवर बसवायचं, उजवी बाजू भिंतीकडं. हातावर शाल. काठी कपाटामागं. बोलायचं नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगू. आणि हसायचं नाही, कारण हसलं की तोंड वाकडं दिसतं. लेकीला बघायला येतायत आणि आईनं कुणाच्या मयताला आल्यासारखं बसायचं. भर दुपारी शाल पांघरून मी बसले, घामानं निथळत.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. लेकीनं पोहे आणले. मुलाच्या आईनं मला विचारलं, "तुमची शाळा कुटली, बाई?"

नणंदेनं शाळेचं नाव सांगितलं. "किती वर्षं झाली नोकरीला?" ते नवऱ्यानं सांगितलं. त्या बाईनं दोघांकडं पाहिलं आणि परत मलाच विचारलं, "पोरं कितवीची हायत तुमच्याकडं?"

मी म्हणाले, "चौ... चौ..." आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. ती पुसायला डावा हात उचलला तशी शाल घसरली. आकडलेला उजवा हात सगळ्यांसमोर. नणंदेनं डोळे मिटून घेतले. 

मुलाची आई उठून माझ्याजवळ आली. "उजवी बाजू का?"

मी मान हलवली.

"आमच्या सासूबाईची डावी," ती म्हणाली. मुलाचे वडील खाकरले, पण ती थांबली नाही. "येताना शेजाऱ्याच्या पडवीत बसवून आलाव त्यांला. म्हणलं, आजच तुमची मान्सं आमच्यासंगं घर बघायला आली अन् त्यांला बघितलं तर काय म्हणतेल."

 मग नणंद टाळी देत हसली, "मंग काय, जमलं की!" नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला, मुलाचे वडील हसले, पोह्यांवर आणखी शेव पडली. पत्रिका आमच्यात बघत नाहीत, पण लकव्याला लकवा असा जुळला म्हणून सगळे खूष. आता कुणी कुणाला नावं ठेवायचा प्रश्नच उरला नव्हता. साखरपुड्याची तारीख काढायलासुद्धा बसले.

मला ती पडवी दिसत होती. त्या म्हातारीला तहान लागली असेल तर कुणाला कसं सांगत असेल?

"त्यांना," मी म्हणाले. तारीख काढणारे थांबले. "त्यांना... आणा. आधी." मला काय म्हणायचंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून यावेळी कुणी वाक्य पुरं केलं नाही. "मग... ठरवू."

"त्यांला बोलता येत न्हाई हो," मुलाचे वडील समजूत घातल्यासारखं म्हणाले. "आणून काय करायचं?"

"मला बी," मी म्हणाले, "येत... न्हाई."

मुलगा उठला, वडिलांसमोर हात पसरून म्हणाला, "गाडीची चावी द्या."