साखरपुड्यातला तळहात

माझी माय गोजराबाई हसायला लागली की समोरच्यानं सावध व्हावं. बाबांना, म्हणजे रंगरावांना, मधुमेह निघाला त्या दिवशीही वाशीमच्या दवाखान्याबाहेर ती पदर तोंडाला लावून हसली. लघवीत साखर जाते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती बाबांना म्हणाली, "बरं झालं समजलं. मोरीतल्या मुंग्या एवढ्या लठ्ठ कायनं झाल्या, याचा मी इचारच करून राह्यली होती."

वाशीमला लागूनच आमचा भाजीमळा होता. बाबा मोट हाकायचे, माय वांगी-मेथी बाजारात नेऊन विकायची. आजार घरात आला तशी ती कंपाउंडरकडून इंजेक्शन द्यायला शिकली. रोज सकाळी पातेलीत सुई उकळायची आणि बाबा हळूच मळ्याकडे सटकायला लागले की मागून हाक यायची, "या महाराज, मांडी दाखवा." बंडीच्या खिशात गुळाचा खडा सापडला तर तो बाबांच्या देखत बैलाला चारायची. बाबा म्हणत, पुढच्या जन्मी मी बैलच होतो. माय म्हणे, व्हा ना, कासरा तेव्हाही माझ्याच हातात राहील.

पण हे सगळं हसण्यावारी नव्हतं. माझ्या साखरपुड्याच्या आदल्या साली एका लग्नात नातेवाइकांनी आग्रह करकरून बाबांना बुंदी चारली. त्याच सुमारास पायात काटा मोडला आणि जखम अशी चिघळली की बाबा कितीतरी दिवस खाटेवर होते. पुन्हा असं झालं तर पाय कापावा लागेल, नाहीतर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या दिवशी मात्र माय हसली नाही.

पुढं किन्हीराजा गावच्या बापूरावांच्या मुलाशी माझं जमलं. मुलगा मी पाहिला होता आणि मला तो आवडला होता. आमच्याकडे साखरपुड्याला दोन्ही व्याही एकमेकांच्या तोंडात मूठभर साखर घालतात आणि मग पंगतीत गोडाचे घास भरवतात. तोंड फिरवलं तर सोयरीक नको, असाच अर्थ निघतो. काकांनी मायला दम भरला. आजाराचं नाव काढायचं नाही, रोगी घरची पोर म्हणून पाहुणे उठून जातील, आणि एक दिवस गोड खाल्ल्यानं कोणी मरत नाही. बाबा तर भलतेच खुशीत होते. मी मात्र जीव मुठीत धरून होते, कारण मायनं काकांना हो म्हटलं नव्हतं, नुसती हसली होती.

बैठक भरली. आम्ही बायका दाराआड. बापूरावांनी पुड्यातून मूठभर साखर घेतली. बाबांनी आ केला, इतका मोठा की मागची दाढ दिसली. तेवढ्यात माय उंबरा ओलांडून थेट पुरुषांच्या बैठकीत गेली आणि तिनं आपला तळहात बाबांच्या तोंडावर दाबून धरला.

बापूरावांच्या बोटांतून साखर सतरंजीवर गळत होती. काकांनी मान खाली घातली.

"यायले मधुमेह हाय," माय म्हणाली. "तुमी साखर देसान अन् आपल्या गावी निंघून जासान. पाय यायचा जाईन. पोरीची सोयरीक मोडली तं दुसरी जमन. मले हा नवरा दुसरा कुठून भेटन?"

बापूरावांनी विचारलं, हा रोग पोरीलाही आहे का?

"नाही. उद्या झालाच तं तुमच्या पोराले सुई टोचनं शिकवतो. आंदणात धरा."

मला वाटलं, संपलं सगळं. मग मायच्या तळहाताआडून बाबा हसायला लागले. आवाज बाहेर येईना, नुसतं पोट गदगदा हलत होतं. ते पाहून बापूरावांनाही हसू आवरेना. त्यांनी मुठीत उरलेली साखर मायच्या ओंजळीत ओतली आणि म्हणाले, "मंग तुमीच खा, ईनबाई. या घरचे व्याही तुमीच दिसता." मायनं चारचौघांत, बाबांच्या डोळ्यांदेखत, ती सगळी खाल्ली. मला तेव्हा तिचा असा अभिमान वाटला की रडू आलं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मला माहेरी न्यायला माय-बाबा किन्हीराजाला आले. पुरुषांच्या पंगतीत माय बाबांच्या शेजारी जाऊन बसली. पानात गोड वाढायला कोणी आलं की तिचा हात आडवा. शेवटी माझ्या चुलतसासऱ्यांनी तिला उठायला सांगितलं. बाईमाणसं मागच्या पंगतीला बसतात, म्हणाले.

"मंग मी यायलेच बायकाईच्या पंगतीत घेऊन जातो," असं म्हणून तिनं बाबांचं पान उचललं.

बाबा मुकाट्यानं तिच्या मागं गेले. बायकांच्या रांगेत मांडी घालून त्यांनी भाकर आणि मेथीची भाजी खाल्ली. त्यानंतर कितीतरी वर्षं ते आमच्याकडे स्वतःच्या दोन्ही पायांनी चालत आले, आणि दर खेपेला तिथंच, तिच्या शेजारी बसून जेवले.