न पाहिलेल्या काडतुसाची शिफारस

“एकच वाक्य आहे गं. लिहून टाक,” आमचे बॉस कुलकर्णी सर म्हणाले.

वाक्य होतं : ‘गेली दहा वर्षं मी रोज पिस्तूल बाळगते.’

सिंगापुरातल्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात मी दुसऱ्यांच्या वेबसाइटसाठी लिहिते. क्लायंट अमेरिकेतला हँक, काडतुसांचा दुकानदार. कपड्यांआड पिस्तूल बाळगणाऱ्यांनी काडतूस कोणतं निवडावं, जादा मॅगझीन किती ठेवावीत, यावर त्याला गाइड हवं होतं. मॅगझीन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी, काडतुसांची स्प्रिंगवाली डबी. हॉलो-पॉइंट म्हणजे पोकळ टोकाची गोळी. ती शरीरात फुलते, त्यामुळे आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याची शक्यता कमी. हे सगळं मी वाचून शिकले. सिंगापुरात बिनपरवाना एक काडतूस सापडलं तरी तुरुंग. जादा मॅगझीन किती टोचतं ते कळावं म्हणून मी आठवडाभर कमरेला स्टेपलर खोचून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, फिरले.

“सर, स्टेपलरच्या अनुभवावर कुणाचा जीव टांगायचा?”

“तुझा इथे काम करायचा पास पुढच्या महिन्यात संपतोय. रिन्यूअलचा अर्ज कंपनीच भरते, लक्षात आहे ना?”

“नका भरू. खोटं लिहिणार नाही.”

पत्रकात एक शब्द चुकला तर अख्खा गठ्ठा पुन्हा छापणाऱ्या छापखानेवाल्यांच्या घरातली मी. पहिलीच ओळ लिहिली : ‘लेखिकेने आयुष्यात काडतूस पाहिलेलं नाही. तिच्यावर विसंबू नका. निवडलेली काडतुसं स्वतःच्या पिस्तुलातून, प्रत्येक मॅगझीन लावून, नेमबाजीच्या रेंजवर चालवून बघा. अडली तर बदला.’

हँकने मला झापावं म्हणून सरांनी कॉलवर ते वाचून दाखवलं. हँक गहिवरला.

“इतकी प्रामाणिक लेखिका! तिला अनुभव मिळालाच पाहिजे. सॅम्पल पाठवतो. दोन मॅगझीन, पन्नास काडतुसं. ऑफिसचा पत्ता आहेच माझ्याकडे.”

“नको! इथे जेल होते!” सर ओरडले.

“अरे, पिस्तूल कुठे पाठवतोय? नुसती काडतुसं!”

“त्यांचीच जेल!”

“मग हॉलो-पॉइंट राहू दे. साधी पाठवू?”

सर उभे राहिले. लॅपटॉपसमोर हात जोडले. “हँक, तिची ओळ छाप. एक शब्द बदलत नाही. तिला अनुभव नाही, नकोय, आणि तेच आपल्या गाइडचं वैशिष्ट्य!”

ओळ छापली गेली. पासही रिन्यू झाला. स्टेपलर मी परत जागेवर ठेवला. मात्र पुढे महिनाभर कुरिअर आलं की सर स्वतः रिसेप्शनवर धावायचे आणि खोका कानाशी धरून हलवून बघायचे.

खरं जरूर लिहावं. फक्त क्लायंटला ऑफिसचा पत्ता देऊ नये.