तेरची रंधा मशीन आणि ओहायोतली दुसरी तार

मी अमेरिकेला निघाले तेव्हा तेरच्या बसस्टँडवर वडिलांनी, अण्णांनी, माझी बॅग उघडली, आईने भरलेलं ज्वारीचं पीठ बाहेर काढलं आणि त्या जागी लुंगीत गुंडाळलेली रंधा मशीन ठेवली. लाकूड तासायचं हे विजेवरचं यंत्र त्यांनी सुतारकामात वर्षानुवर्षं चालवलं होतं. त्यांचा खांदा धरल्यापासून ते पडून होतं.

काकांना, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाला, ती मशीन हवी होती. ते हसून म्हणाले, "इमानात दारं तासत जाती काय गं?"

"चालली तर तुझी," अण्णा मला म्हणाले. "कपाटात ठिवायची आसंल तर माघारी आण. ह्यो चालवील."

ओहायोत घर घेतल्यावर मी गॅरेजमध्ये अडॅप्टर लावून बटण दाबलं. मशीन फिरली, पण फळीला टेकवताच तिचा दम गेला. मला वाटलं, फेज डाऊन आहे, म्हणजे विजेचा दाब कमी आलाय. आमचं सुतारकामाचं दुकान डीपीपासून, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांब, गावाच्या टोकाला. असं झालं की अण्णा आधी बल्बकडे बघत, मग स्विच फिरवून दुसरा फेज घेत. तोही मंद असला तर शेजारची पिठाची गिरणी बंद होईपर्यंत थांबत. त्याच सवयीने दुसरा फेज शोधत मी मशीन घेऊन घरभर हिंडले; स्वयंपाकघर, हॉल, बाथरूमसुद्धा. सगळीकडे तोच मरगळलेला आवाज. बल्ब मात्र लख्ख.

दर रविवारी अण्णा फोनवर विचारत, "लागली का कामाला?" मागून काका ओरडत, "पाठव म्हणावं माघारी!"

शेवटी मशीनवरची पट्टी वाचली. २३० व्होल्ट. इथल्या सॉकेटला मिळतात १२०. एवढ्या श्रीमंत देशात निम्माच दाब कसा, हे मी इलेक्ट्रिशियनला विचारलं. त्याने पॅनल उघडून दाखवलं. घरात दोन जिवंत तारा येतात. साध्या सॉकेटला त्यातली एकच जाते. कपडे वाळवायच्या ड्रायरला दोन्ही, म्हणून तिथे २४०. म्हणजे दुसरी तार होतीच. मी शोधत होते तिथे नव्हती. त्याने गॅरेजमध्ये तसा स्वतंत्र सॉकेट बसवला आणि मशीनची पिन बदलली.

रविवारी फोन लावून बटण दाबलं. मशीन किंचाळली.

"ही आपली न्हाय," अण्णा म्हणाले. "नवी घिऊन मला फसवती व्हय? आपली घुमती, ही वरडती."

मी व्हिडिओ सुरू करून मशीनची मूठ दाखवली. त्यांनी गुंडाळलेली सायकलची ट्यूब तशीच होती. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"मंजी हितं तिला कधी पोटभर लाईटच मिळाली न्हाय?"

"नाही, अण्णा."

"आन मी समद्या गावाला सांगायचो," मागून काका म्हणाले, "दादाचा हातच मंद हाय!"

अण्णा मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "फळी लाव बघू." फळीवरून भुसकट अखंड उडत राहिलं. ते त्यांनी नीट पाहिलं. "ठिव तिकडंच."

मशीन आता माझी आहे. गॅरेजमधला बल्ब कधीच मंद होत नाही. तरीही बटण दाबण्याआधी मी त्याच्याकडे बघते, आणि इथे नसलेली शेजारची गिरणी थांबली का, याचा कानोसा घेते. माझं घर कुठलं, हे मला तेवढ्यात कळतं.