कार्डावरचं वय

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. कुणी वाचलंच तर माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि पुढचं औषध ठरवायला आम्ही दोघी लासुर्ण्याहून बारामतीला गेलो. खर्चाला इंदापूरच्या नणंदेने पैसे उसने दिले होते.

तिथले डॉक्टर कॉम्प्युटरचाही सल्ला घेतात. त्यांनी त्यात रिपोर्ट आणि आधार कार्डावरचं वय घातलं. "अठ्ठ्याहत्तर. इंजेक्शनं सोसणार नाहीत, नुसत्या गोळ्या द्या म्हणतोय," ते म्हणाले. मग आत्यांकडे बघत राहिले.

"आजी, घरी काम काय करता?"

"काय न्हाय. म्हशीला दोन भारे आणते."

"डोक्यावरून?"

"मग काय, काखेतनं?"

डॉक्टर हसले. "खरं वय किती?"

आत्या पिशवी आवरायला लागल्या. कार्ड काढणाऱ्याने पांढरे केस बघून वय टाकलं होतं. पुढे पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट झाली, मग कोण दुरुस्त करतंय? मला परक्या पुरुषासमोर बोलायला होत नाही. पण नुसत्या गोळ्यांनी आजार उलटला तर? भिंतीकडे बघत मी म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात यांचं लग्न झालं. तेव्हा चौदाच्या होत्या."

"गप गं! यष्टी जाईल माझी," आत्यांनी मला चिमटा काढला.

"अहो, दहा वर्षं आधीच म्हातारं केलंत यांना! आपण चुकीचं सांगितल्यावर तो तरी काय करणार?" डॉक्टरांनी वय बदलून पुन्हा विचारलं. आता इंजेक्शनं द्या असं आलं, आणि खाली आणखी एक ओळ. ती वाचून ते थांबले.

"आजींची बीपीची गोळी या औषधाबरोबर चालत नाही. माझ्या लक्षात आलं नव्हतं. बरं झालं यानं सांगितलं."

शेजारी नर्स होती, दारात पेशंट उभे होते. तरी एवढा शिकलेला माणूस हे मोकळेपणी बोलला. आमच्याकडे पुरुषांना भाजीत मीठ जास्त पडलं तर दिसतं, स्वतःचं राहिलेलं दिसत नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. लाजेने पडले नाही.

गोळी बदलली, इंजेक्शनं सुरू झाली. आत्यांचे केस गेले, चव गेली, भाकरी नकोशी झाली. पण परवाच्या तपासणीत काही निघालं नाही.

उसाचं बिल आल्यावर आत्या स्वतः इंदापूरला गेल्या आणि उसन्यातले फेडायचे राहिलेले पैसे लेकीपुढे धरले.

"आई, राहू दे की."

"का? मी मरंल म्हणून सोडलं व्हतंस व्हय?"

लेकीने हसत, डोळे पुसत पैसे घेतले. सगळे फिटले.