शिंगाड्याच्या तळ्यातला सुरय

गुजरातच्या किनाऱ्यावर वादळ येऊन गेलं, त्याच्या दोन दिवसांनी इकडे माळव्यात, टोंकखुर्दजवळच्या एका तळ्यावर आम्हाला तो पक्षी दिसला. आम्ही तिघं होतो. मी, माझ्याच शाळेत विज्ञान शिकवणारी माझी मैत्रीण, आणि आमच्या कॉलनीतले काका, कारखान्यातून रिटायर झालेले. रविवारी सकाळी काकांच्या गाडीतून आम्ही पक्षी बघायला निघतो.

तळ्यात शिंगाडा लावला होता. पानांखाली पाणी दिसत नव्हतं. मधे एक बांबू रोवलेला, त्याच्या टोकावर तो बसला होता. पाठ काळी, पोट पांढरं, शेपटी दुभंगलेली. काकांनी पुस्तक उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"अगं, हा समुद्रावरचा सुरय! माळव्यात कुठला यायला?"

"वादळानं फेकला असेल," मी म्हटलं.

"फोटोशिवाय कोणी मानणार नाही," म्हणत मैत्रिणीनं चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि कॅमेरा घेऊन पाण्यात उतरली. "गुडघ्याएवढंच तर आहे."

"फार पुढे जाऊ नकोस गं," काका म्हणाले आणि ट्रायपॉड आणायला गाडीकडे गेले.

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. सुरय चोच उघडी टाकून धापा टाकत होता. तिची हाक आली. "ए, ऐक ना!" मला वाटलं, बघ म्हणतेय.

"बघतेय, बघतेय!"

पुन्हा हाक आली, पुन्हा आली. मग आवाज फाटला. "पाय निघत नाहीये माझा!"

दुर्बीण खाली केली तर पाणी तिच्या छातीला लागलेलं. शिंगाड्याचे वेल पायांना गुंडाळले होते. एक पाय ओढला की दुसरा खाली जात होता. मला पोहता येत नाही. मी दोन पावलं आत गेले, चिखलानं माझाही पाय धरला, आणि मी थांबले. काकांना हाक मारायला गेले तर घशातून नुसती हवा आली.

पलीकडे शिंगाडे काढणारा माणूस टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर पालथा पडून, हातांनी पाणी मारत तिच्याकडे निघाला होता. "बेनजी, पाँव मत चलाओ! चित हो जाओ!"

तिला ऐकूच येत नव्हतं. पाणी हनुवटीला आलं. तेव्हा कुठे माझा आवाज फुटला. शाळेत प्रार्थनेच्या रांगेवर ओरडते तशी ओरडले, "पाठीवर झोप! आत्ता!"

ती मागे रेलली. पाण्यावर फक्त चेहरा उरला, आभाळाकडे केलेला, न हलणारा. मला वाटलं, गेली.

त्या माणसानं ट्यूब तिच्या काखेत सारली, विळ्यानं पाण्याखाली चाचपून वेल कापले आणि तिला काठावर आणलं. तिच्या पायांवर काट्यांचे ओरखडे होते. ती ओकली, मग थरथरायला लागली. धावत आलेल्या काकांवर तो माणूस चिडला. "भिया, इस तालाब में तो हम भी बिना ट्यूब के नी उतरते!"

कॅमेरा तळ्यातच राहिला. सुरय कधी उडाला, कोणी पाहिलं नाही.

परतताना ती काकांच्या टॉवेलात गुंडाळून माझ्या शेजारी बसली होती. देवास जवळ आल्यावर तिनं विचारलं, "मी किती वेळा हाक मारली गं?"

"दोनदा," मी म्हटलं.

चार वेळा मारली होती. पहिल्या तीन मला नीट ऐकू आल्या होत्या.