मामांनी बुडवलेली नाव

शंकरमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंगळीच्या शाळेत सहावीच्या वर्गावर होतो. मामी एवढंच म्हणाल्या, "ये बाबा, मामा गेले." मी फळ्यावरचं गणित पूर्ण केलं आणि मगच निघालो. असं का केलं, ते महिना झाला तरी मला सांगता येत नाही.

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या आजोळी मामा नाव चालवायचे. गोदावरीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. पलीकडची माणसं, शेरडं, लग्नाची वऱ्हाडं त्यांच्या सागवानी नावेतूनच अलीकडं यायची. मग पूल झाला आणि नाव बंद पडली. त्याच वर्षी ती घाटाखाली बुडाली, एवढंच आम्हाला ठाऊक. मामा लोकांच्या शेतात कामाला जायला लागले. नावेचा विषय निघाला की उठून जायचे.

यंदा उन्हाळा लागला तशी गंगा आटली आणि नावेचा काठ वर दिसला. मामांनी मला बोलावून घेतलं. रविवारी आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात उतरून गाळ काढायला लागलो, तर गाळाखाली दगड... हातानं रचावेत तसे, ओळीनं.

"मामा, हे कुणी भरले?"

"मीच."

"म्हणजे नाव तुमीच बुडवली? काहून?"

मामांनी हातातला दगड काठाकडं फेकला. "उन्हात लाकूड तडकतं. पाण्यात टिकतं..." मग पुढचा दगड उचलताना म्हणाले, "राग बी लय आला होता."

यातलं खरं कोणतं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

गावातल्या चौघांना हाताशी घेऊन आम्ही नाव दोरानं काठावर ओढली. पुढचे दोन आठवडे मामा फळ्यांच्या फटींत तागाचं सूत ठोकत होते, वरून गरम डांबर भरत होते. एक फळी कुजली होती, तिथं नवी बसवली. "पुलावरून सगळे जायलेत, आता हिच्यात बसणार कोण?" मी विचारलं. "कुणी न्हाई," म्हणाले आणि सूत ठोकत राहिले. नाव पाण्यात सोडली, तर तळातून पाणी झिरपायला लागलं. मी घाबरलो. "येऊ दे," मामा म्हणाले, "लाकूड फुगलं की फटी मिटत्यात." त्यानंतर आठवड्याच्या आत, सकाळचा चहा घेऊन लवंडले ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर मी घाटावर गेलो. मामी नावेत बसून पातेल्यानं पाणी उपसत होत्या. मला बघून थांबल्या.

"रोज सकाळी ते इथं येऊन पाणी काढायचे," त्या म्हणाल्या. "सगळं काढायचे का थोडं ठेवायचे, ते मी कधी बघितलं न्हाई. तुला म्हाईत हाय का?"

मी त्यांच्या समोरच्या फळीवर जाऊन बसलो. तळाशी वीतभर पाणी होतं. ते वाढतंय की तेवढंच आहे, आम्ही दोघं बराच वेळ बघत राहिलो...